साठ-सत्तर हजारांत कॅमेरा: जुना घ्यावा की नवा?

उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत लग्नाच्या ऑर्डरी घ्यायला लागलेली मुलं कॅमेरा घेताना आधी मेगापिक्सेल विचारतात. आधी स्वतःला विचारा, पैसे कशाचे मिळणार आहेत? हळद, साखरपुडा, बारसं यांच्या फोटोंवर घर चालणार असेल, तर मी आजही चांगली जपलेली जुनी फुल फ्रेम बॉडी घ्यायला सांगेन. व्हिडिओ आणि रील्सवर चालणार असेल, तर नवा मिररलेस घ्या.

एक जोडी समोर ठेवू. निकॉन डी७५० हा २०१४ चा, झेड३० हा २०२२ चा. डी७५० मध्ये दोन कार्डं बसतात. हॉलमध्ये एक बिघडलं तरी दुसऱ्यावर फोटो राहतात, आणि मंगलाष्टकं काही पुन्हा होत नाहीत. सेन्सर मोठा असल्यामुळे मांडवातल्या अपुऱ्या उजेडातही फोटो स्वच्छ येतो. झेड३० फोर-के व्हिडिओ घेतो आणि चालत्या माणसाच्या चेहऱ्यावर फोकस धरून ठेवतो. डी७५० चा व्हिडिओ फुल एचडीपर्यंतच, आणि त्यात फोकस चाचपडतो. पण झेड३० ला व्ह्यूफाइंडर नाही, कार्डही एकच. दुपारच्या वरातीत उन्हात नुसत्या स्क्रीनवर फोटो काढून पाहा, म्हणजे पहिल्या उणिवेचा त्रास कळेल.

आता पैसे. झेड३० आला तेव्हा नुसत्या बॉडीचीच किंमत ६१,९९५ रुपये होती, लेन्स वेगळी. डी७५० चा हिशेब असा मांडा (आकडे नमुन्याचे आहेत, भाव त्या दिवशी विचारून घ्या): बॉडी ४२,०००, जुनी ५० एमएम लेन्स ९,०००, नवी ओरिजिनल बॅटरी ४,०००, दोन कार्डं ३,०००, सेन्सरची सफाई १,५००, हवाबंद डबा आणि सिलिका जेल ५००. झाले ६०,०००. विकणारा ४२ सांगतो आणि आपण ४२ च धरून चालतो, गाडी तिथेच अडते.

जीएसटी नोंदणी असेल तर मात्र गणित बदलतं. नव्या कॅमेऱ्यावर १८ टक्के कर असतो. ६१,९९५ च्या पक्क्या बिलात सुमारे ९,४५० रुपये कराचे निघतात आणि त्यांचं क्रेडिट मिळू शकतं. व्यक्तीकडून घेतलेल्या जुन्या मालात ते नाही.

जुना घेताना सौदा स्टेशनच्या पुलावर उभ्याउभ्या करू नका. तासभर बसता येईल अशी जागा आणि लॅपटॉप हवा. निकॉनने काढलेल्या फोटोच्या एक्झिफ माहितीत शटर काउंट सापडतो. डी७५० चं शटर दीड लाख क्लिकपर्यंत तपासलेलं आहे. काउंट ७०,००० असेल आणि एका लग्नात २,००० क्लिक होत असतील, तर हिशेबाने ४० लग्नं उरली. काही डी७५० चं शटर सदोष निघालं होतं आणि निकॉनने २०१५ पासून ते मोफत बदलून दिलं, म्हणून त्या दुरुस्तीचा कागद मागा. मेन्यूत बॅटरीचं वय ० ते ४ असं दिसतं. ४ दिसलं तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करून घ्या. एफ/१६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, सेन्सरवरचे डाग लगेच दिसतील.

सगळ्यात जास्त वेळ लेन्सला द्या. बारवी आणि उल्हास नदीच्या या पट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने कपाटातले कपडेसुद्धा कुबट होतात, मग बॅगेत पडून राहिलेल्या लेन्सचं काय होत असेल? मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने लावून आत पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. मी एकदा पावसाळ्यात घाईने टॉर्च न लावताच लेन्स उचलली आणि सफाईला जवळपास तिच्या किमतीएवढा खर्च आला. बुरशी दिसली तर भाव करत बसू नका, उठून या.

मूळ बिल आणि त्यावरचा सिरियल नंबर बॉडीशी जुळवा. विकणाऱ्याच्या सहीची पावती घ्या आणि पैसे बँकेतून द्या. चोरीचा माल निघाला तर तुमच्याकडे दाखवायला हेच असेल. दुकानातून घेतलात तर स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तूही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसते. ‘तुम्ही धंदा करता, तुमची तक्रार चालणार नाही’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, १९१५ वर फोन करा. अनोळखी व्यक्तीकडून घेतलेल्या कॅमेऱ्याला हे संरक्षण मिळत नाही. म्हणून दोन-तीन हजार जास्त गेले तरी बिल आणि लेखी वॉरंटी देणारं दुकान मला बरं वाटतं, मग त्यासाठी लोकलने फोर्टच्या बोरा बाजारापर्यंत जावं लागलं तरी चालेल.

नुसत्या छंदासाठी एवढं काहीच लागत नाही. अंबरनाथचं शिवमंदिर १०६० चं आहे आणि त्याच्या भिंतीवरची शिल्पं कुठे हलत नाहीत. त्यांना दहा-बारा वर्षांपूर्वीचा साधा डीएसएलआर पुरतो. वाचलेल्या पैशांत दणकट ट्रायपॉड घ्या आणि सकाळच्या तिरप्या उन्हात तिथे जा.