कोण गातो आणि कशासाठी गातो?
(‘जंगल बुक’ या कार्टून चित्रपटातील गाण्यांचा अभ्यास)

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी



वैनगंगा नदी आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. ती मध्य प्रदेशात सिवनी जिल्ह्यात उगम पावते, आपल्या भंडारा जिल्ह्यातून वाहते आणि पुढे वर्धा नदीला मिळते. तेथून तिला प्राणहिता म्हणतात. एवढे आपण भूगोलात शिकलो. पण हीच नदी आणि हेच सिवनीचे डोंगर एका जगप्रसिद्ध गोष्टीत आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. ती गोष्ट म्हणजे लांडग्यांनी वाढवलेल्या मोगलीची. मी हे घरी सांगितले तेव्हा आजी म्हणाली, “हे तं आपल्याच वैनगंगेचं होय!”

ही गोष्ट लिहिणाऱ्या लेखकाचे नाव रुडयार्ड किपलिंग. त्यांचा जन्म ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईत झाला. त्यांचे वडील तेथील जे. जे. कला शाळेत शिकवीत असत. ‘जंगल बुक’ हे पुस्तक १८९४ साली निघाले. त्या वेळी किपलिंग अमेरिकेत राहत होते. पुस्तकातली प्राण्यांची नावे मात्र त्यांनी आपल्याकडचीच घेतली. भालू, हाथी, शेरखान, अकेला ही नावे कोणालाही समजतील.

या पुस्तकावरून अमेरिकेतल्या वॉल्ट डिस्ने यांच्या कंपनीने हलत्या चित्रांचा, म्हणजे कार्टून चित्रपट काढला. तो १८ ऑक्टोबर १९६७ रोजी प्रदर्शित झाला. आमच्या गुरुजींनी तो वर्गात प्रोजेक्टरवर दाखविला. भाषा इंग्रजी होती. गुरुजी मध्येच थांबवून अर्थ सांगत. भाषा समजत नसल्यामुळे माझे लक्ष गाण्यांकडेच जास्त गेले. म्हणून या लेखासाठी मी गाण्यांचा विषय घेतला.

१. आधी आवाज, मग चित्र

आपल्याला वाटते की आधी चित्रे काढतात आणि नंतर त्यांना गाणे जोडतात. पण या चित्रपटात तसे नाही. आधी बोलणे आणि गाणी ध्वनिमुद्रित केली. मग तो आवाज पुन्हा पुन्हा ऐकून चित्रकारांनी चित्रे काढली. कोणता शब्द कितव्या चित्रावर येतो, हे एका तक्त्यावर लिहिलेले असते. त्याप्रमाणे प्राण्याचे तोंड उघडायचे आणि मिटायचे.

चित्रपटात दर सेकंदाला २४ चौकटी पडद्यावरून जातात. हा चित्रपट ७८ मिनिटांचा आहे. आता गणित करू. ७८ गुणिले ६० म्हणजे ४,६८० सेकंद. त्याला २४ ने गुणले की १,१२,३२० चौकटी होतात! एकच चित्र पुष्कळदा लागोपाठ दोन चौकटींना वापरतात, तरीही काम केवढे झाले, बघा.

समजा, गाण्याचा ठेका दर अर्ध्या सेकंदाला पडतो. अर्ध्या सेकंदात १२ चौकटी होतात. मग हत्तीचा पाय कोठे टेकवायचा? १२ व्या, २४ व्या, ३६ व्या, ४८ व्या चौकटीत. म्हणजे बाराचा पाढाच झाला. एखादी चौकट इकडेतिकडे झाली तर चालेल, पण जास्त चुकली तर लेझीममध्ये एखाद्याचा हात मागे राहावा तसे दिसते.

२. गाणी कोणी केली?

चित्रपटात मुख्य गाणी सहा आहेत. पहिल्यांदा टेरी गिल्किसन यांनी गाणी तयार केली होती. पण डिस्ने यांना तो सगळाच बेत फार गंभीर आणि काळोखा वाटला. त्यांनी कथा बदलली, गाणीही बाजूला ठेवली. गिल्किसन यांचे एकच गाणे राहिले. ते म्हणजे बलू अस्वलाचे. नवल असे की, तेच सर्वांत जास्त गाजले आणि ऑस्कर पारितोषिकासाठी निवडलेल्या गाण्यांत त्याचे नाव आले. पारितोषिक मात्र दुसऱ्या गाण्याला मिळाले.

बाकीची पाच गाणी रॉबर्ट शर्मन आणि रिचर्ड शर्मन या दोघा भावांनी केली. डिस्ने यांनी त्यांना विचारले, तुम्ही पुस्तक वाचले आहे का? ते नाही म्हणाले. तर डिस्ने म्हणाले की, छान, मग वाचूच नका! त्यांना पुस्तकापेक्षा हसतीखेळती गोष्ट हवी होती. गाण्यांशिवाय मागे जे संगीत वाजते ते जॉर्ज ब्रन्स यांचे आहे.

डिस्ने यांना पुरा झालेला चित्रपट पाहायला मिळाला नाही. १५ डिसेंबर १९६६ रोजी ते वारले. त्यानंतर दहा महिन्यांनी चित्रपट लोकांपुढे आला.

३. एकेक गाणे

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. गोष्ट अशी की, जंगलात शेरखान वाघ येणार असतो. म्हणून बगीरा मोगलीला माणसांच्या गावात पोचवायला निघतो. मोगलीला जायचे नसते. वाटेत एकेक जण त्याला भेटतो आणि गाणे म्हणतो. मी वहीत तक्ता केला. कोण गातो, कसे गातो आणि त्याला मोगलीकडून काय हवे आहे, असे तीन रकाने.

कर्नल हाथी : हत्तींचे गाणे म्हणजे पलटणीचे कूचगीत. डावा उजवा, डावा उजवा असा ठेका आहे. हाथी म्हातारा सैन्यातला अधिकारी असल्यासारखा वागतो. मोगली हौसेने रांगेत शिरतो. पण हा माणसाचा पोर आहे, हे कळताच हाथी त्याला रांगेतून काढतो.

बलू अस्वल : याची चाल सैल आणि आनंदी आहे. पोटापुरते मिळाले की पुरे, उगाच जास्तीची हाव धरू नये, असा अर्थ गुरुजींनी सांगितला. गाता गाता तो पाठ खाजवतो, फळे खातो, पाण्यावर तरंगतो. (आपल्याकडचे अस्वल मात्र असे नसते. मोहफुले वेचायला गेलेल्यांना विचारा!) बलूला मोगली जवळ हवा असतो, कारण तो त्याला आवडलेला असतो.

किंग लुई : हा वानरांचा राजा. याचे गाणे जाझ प्रकारचे आहे. जाझ हे संगीत अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात काळ्या लोकांनी सुरू केले. लुईला आवाज देणारे लुई प्रिमा त्याच शहरात जन्मलेले गायक होते आणि ट्रम्पेटही वाजवीत. ट्रम्पेट म्हणजे पितळी वाद्य. गाण्याच्या मध्ये लुई आणि बलू अर्थ नसलेले शब्द सवालजवाबासारखे म्हणतात. आपल्या तराण्यात असतात तसे. गाणे ऐकून पाय थांबत नाहीत. पण लुईला काय पाहिजे? त्याला माणसाची आग पाहिजे. ते गुपित काढण्यासाठी हे सगळे लाड. एक गोष्ट लक्षात ठेवा. हा ओरांगउटान जातीचा वानर भारतात नसतोच. तो बोर्निओ आणि सुमात्रा या बेटांवर असतो. किपलिंगच्या पुस्तकात माकडांना राजाही नाही.

‘का’ नावाचा अजगर : याचे गाणे सगळ्यांत हळू आणि गोड, अंगाईसारखे. माझ्यावर विश्वास ठेव, असे तो म्हणतो. त्याचे डोळे गरगर फिरतात आणि मोगलीला झोप येते. त्याला मोगली गिळायचा असतो! ही चाल शर्मन बंधूंनी आधी दुसऱ्या एका चित्रपटासाठी बांधली होती, ती तेथे वापरली गेली नाही. अजगराला आवाज देणारे स्टर्लिंग हॉलोवे हेच विनी द पू या गरीब, भोळ्या अस्वलाचा आवाज होते. एकाच गळ्यातून प्रेमळ अस्वल आणि लबाड अजगर! पुस्तकात मात्र हा अजगर मोगलीचा मित्र आहे.

चार गिधाडे : यांचे केस त्या काळी गाजलेल्या इंग्लंडच्या बीटल्स या गायकांसारखे आहेत. पण गाणे चौघांनी आवाज जुळवून म्हणायचे जुन्या अमेरिकन पद्धतीचे आहे. एकटा पडलेल्या मोगलीला ती म्हणतात, आम्ही तुझे मित्र. दिसायला ओंगळ, पण वाघ आल्यावर ती मदतीला येतात.

गावातली मुलगी : शेवटचे गाणे हिचे. त्याबद्दल पुढे लिहिते.

४. कोण गात नाही?

तक्ता पुरा झाल्यावर मला एक गंमत दिसली. ज्या लांडग्यांनी मोगलीला लहानाचा मोठा केला, त्यांना एकही गाणे नाही. बगीरा सबंध वाटभर त्याला सांभाळतो, रागावतो, समजावतो. त्यालाही स्वतःचे गाणे नाही. अगदी शेवटी मात्र तो बलूबरोबर बलूचेच गाणे म्हणत परत फिरतो. शेरखानलाही गाणे नाही. तो गिधाडांच्या गाण्याच्या शेवटी येऊन आपला सूर मिसळतो, आणि सगळे गप्प होतात.

म्हणजे या चित्रपटात गाणे हे बोलावणे आहे. जो गातो तो मोगलीला आपल्याकडे ओढतो. ऐकायला सगळीच गाणी छान आहेत. अजगराचे तर सर्वांत गोड आहे. नुसत्या चालीवरून मित्र कोण हे ओळखता येत नाही. मग कसे ओळखायचे? मी असे ठरविले की, गाणे संपल्यावर त्याने काय केले ते पाहायचे. बलू वाघाची शेपटी धरून ठेवतो आणि जीव जाईपर्यंत मार खातो. तेव्हा त्याचे गाणे खरे ठरते.

५. पाणी नेणाऱ्या मुलीचे गाणे

ही मुलगी नदीवर पाणी भरते आणि गाते. डार्लीन कार यांनी ते गायिले आहे. चाल फार सुंदर आहे. मोगली झाडावरून ऐकतो आणि त्याचे जंगल सुटते. ना हत्तींची पलटण त्याला धरून ठेवू शकली ना वानराचा राजा; त्याला नेले एका साध्या गाण्याने.

पण अर्थ कळल्यावर मला खटकले. ती म्हणते की बाबा शिकारीला जातात, आई घरात स्वयंपाक करते, आणि मी मोठी होईपर्यंत पाणी आणणार. मोठी झाल्यावर माझे लग्न होईल, मला मुलगी होईल, मग मी तिला पाण्याला पाठवीन. म्हणजे गुंड एका डोक्यावरून उतरतो तो दुसऱ्या मुलीच्याच डोक्यावर जातो! आमच्या घरी आता नळ आहे. पण ज्या दिवशी नळाला पाणी येत नाही, त्या दिवशी गुंड माझ्याच डोक्यावर असतो, दादाच्या नाही.

गंमत अशी की, चित्रात गाण्याच्या उलट होते. मुलगी मुद्दाम गुंड पाडते, मोगली तो उचलतो, पाणी भरतो आणि स्वतःच्या डोक्यावर घेऊन तिच्यामागे गावात जातो. हे दृश्य आल्यावर आमच्या वर्गातल्या मुलींनी टाळ्या वाजविल्या. मुले गप्प होती.

६. आपल्या पालकांच्या आठवणीतला मोगली

मोगली पुढे आपल्याकडेही आला. जपानमध्ये १९८९ साली या गोष्टीची कार्टून मालिका निघाली होती. ती १९९३ सालापासून दूरदर्शनवर दर रविवारी हिंदीत लागे. तिचे हिंदी शीर्षकगीत गुलजार यांनी लिहिले आणि विशाल भारद्वाज यांनी संगीत दिले. शेरखानचा आवाज नाना पाटेकर यांचा होता. बाबांना ते गाणे अजून तोंडपाठ आहे. त्या वेळी गावात टीव्ही थोडे होते, एका घरी सगळी मुले जमत, असे ते सांगतात. २०१६ साली नवीन इंग्रजी चित्रपट आला, त्याच्या हिंदी आवृत्तीसाठी हे गाणे पुन्हा तयार केले.

डिस्नेच्या चित्रपटात गोष्ट वैनगंगेकाठची, पण गाण्यांच्या चाली अमेरिकेच्या. मला प्रथम याचा थोडा राग आला होता. पण किपलिंगने आपली नावे घेतली, अमेरिकेने त्यांना आपल्या चाली दिल्या, जपानने चित्रे काढली आणि हिंदीत नवे गाणे झाले. असो. मराठीत आपण का करू नये?

करून पाहा

१. तुमच्या आवडत्या कोणत्याही चित्रपटातली गाणी घ्या. कोण गातो, कोणासाठी गातो, त्याला काय हवे आहे, असा तक्ता करा.
२. एक मिनिटात किती चौकटी होतात ते काढा. (उत्तर : १,४४०)
३. वैनगंगेवर पाणी भरणाऱ्या मुलीचे नवीन गाणे तयार करा. मोठी झाल्यावर ती काय करणार, हे त्यात तिचे तिने सांगावे. गाणी या फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात लावू.

पालकांनी, विशेषतः आयांनी, आपले उत्तर शेजारच्या कागदावर लिहिले तरी चालेल. पेन्सिल दोऱ्याने बांधून ठेवली आहे.