बेणेप्रक्रिया, फवारणी आणि घरातील गरोदर स्त्री



लागणीची गडबड सुरू झाली की गटऑफिसात बेण्याची, खताची, औषधाची चौकशी होते. औषध कालवताना घरातील बाईमाणसाने काय जपावे, हे मात्र कोणी विचारीत नाही. म्हणून या अंकात त्याबद्दल लिहीत आहोत.

बेणेप्रक्रियेसाठी आपण १०० लिटर पाण्यात १०० ग्रॅम कार्बेन्डाझिम व ३०० मिलि मॅलॅथिऑन मिसळून टिपऱ्या १० ते १५ मिनिटे बुडवितो. ही प्रक्रिया सोडा, असे आमचे म्हणणे नाही. पण टिपऱ्या बुडविणे, काढणे, सरीत मांडणे ही कामे बहुधा बायाच करतात, त्याही उघड्या हातांनी. बुरशीनाशकाला तर आपण विषात धरतच नाही. याच कार्बेन्डाझिमची नोंद युरोपीय संघाने पोटातील गर्भाला अपाय करू शकणाऱ्या रसायनांत केलेली आहे.

डब्यावरच्या त्रिकोणावर विसंबू नका. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग औषध अंगात गेल्यास ते लगेच किती मारक ठरेल, तेवढेच सांगतात. गर्भाचे त्यात काही नसते. "हिरवं हाय, काय होत न्हाई" म्हणणारे आम्हाला गावोगाव भेटतात.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सॅलिनास खोऱ्यात शेतमजूर कुटुंबांतील गरोदर स्त्रियांची लघवी तपासून पुढे त्यांच्या मुलांवर लक्ष ठेवले गेले. मॅलॅथिऑन, क्लोरपायरीफॉस ज्या गटात मोडतात त्या औषधांचे अंश ज्या मातांत सर्वांत जास्त होते, त्यांची मुले सातव्या वर्षी बुद्धीच्या चाचणीत, सर्वांत कमी अंश असलेल्या मातांच्या मुलांपेक्षा सरासरी ७ गुणांनी मागे होती. हा निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाला.

खरी अडचण वेळेची आहे. गर्भ राहिल्यापासून सुमारे चार आठवड्यांत, ज्या नळीपासून मेंदू व मज्जारज्जू होतो ती मिटते. तोवर बाईला स्वतःलाही नीट उमगलेले नसते, आणि आपल्याकडे तिसरा महिना सरेपर्यंत ती कोणाला सांगतही नाही. तेव्हा 'दिवस गेल्याचे कळले की काम बदलू' हा हिशेब चुकीचा. मूल होण्याच्या वयातील कोणत्याही बाईला, घरची सून असो की मजूर, औषध कालवायला वा टिपऱ्या बुडवायला लावू नये. तिला बेणे तोडायला द्यावे, पण मजुरी तीच द्यावी. नाहीतर ती गप्प बसून औषधातच हात घालील. बुडविण्याचे काम पुरुषांनी रबरी मोजे घालून करावे. टिपऱ्या निथळून सुकल्यावरच सरीत न्याव्यात, आणि मांडणारीलाही मोजे द्यावेत.

रानात न जाणारीही सुटत नाही. फवारणीचे कपडे घरी येतात, आणि धुते कोण? ज्याने फवारले त्यानेच ते वेगळे धुवावेत. पंप विहिरीवर धुऊ नये. रिकामा डबा पाण्याला किंवा धान्याला वापरू नये, ऊसतोड टोळीला तर मुळीच देऊ नये. हुमणीसाठी आणलेले फोरेट म्हणजे थिमेट कोणाच्या कोठ्यात पडून असेल, तर त्याच्या वापरावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. ते विहिरीत, ओढ्यात न टाकता कृषी सहायकांना कळवावे.

औषध अंगावर सांडले तर कपडे उतरवून साबणाने भरपूर पाण्यात धुवावे. चक्कर, मळमळ, तोंडाला पाणी सुटणे असे काही दिसल्यास तडक दवाखाना गाठावा आणि डब्यावरची चिठ्ठी सोबत न्यावी. कोणता उतारा द्यायचा, हे डॉक्टर तीवरूनच ठरवितात.