खोलीतील उष्णता मोजा, मग यंत्र ठरवा

ग्रामपंचायतीच्या कार्यालयासाठी वा शाळेच्या संगणककक्षासाठी वातानुकूलन यंत्र घ्यावयाचे ठरले, की ‘दीड टनाचे घ्या’ असा सल्ला दुकानातून मिळतो आणि तोच प्रस्तावात उतरतो. हा टन यंत्राच्या वजनाचा नव्हे. एक अमेरिकी टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेते, तेवढी खोलीबाहेर टाकण्याची क्षमता म्हणजे एक टन. सुमारे ३,५०० वॅट.

विदर्भातील मे महिन्याची दुपार घेऊ. बाहेर ४४ अंश, आत २६ अंश हवेत. खोली ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद, ३ मीटर उंच. वर उघडा स्लॅब. उन्हात स्लॅब हवेपेक्षाही पुष्कळ तापतो, म्हणून तेथे तापमानाचा फरक १८ नव्हे, सुमारे ३५ अंश धरावा. एक चौरस मीटर स्लॅबमधून प्रत्येक अंशाच्या फरकामागे सुमारे ३ वॅट उष्णता आत येते. २० चौरस मीटरचे २,१०० वॅट झाले. बाहेरच्या दोन विटांच्या भिंतींतून ८६०, पश्चिमेच्या ३ चौरस मीटर काचेतून १,५००, फटींतून शिरणाऱ्या हवेचे ३६०. चार माणसांचे ४८०, कारण बसलेला माणूसही शंभराहून अधिक वॅट उष्णता देतो. संगणक, दिवे व पंखा यांचे ३००. एकूण ५,६०० वॅट, म्हणजे १.६ टन. शिवाय यंत्रावरील क्षमता बाहेर ३५ अंश धरून लिहिलेली असते. ४४ अंशांत ती घटते. तेव्हा येथे दोन टनांचे यंत्र लागेल.

आता गच्चीला चुना लावा. स्लॅबचा वाटा १,२०० वॅटपर्यंत उतरू शकतो. पश्चिमेचे ऊन तिरपे येत असल्याने छज्जा त्याला फारसा अडवीत नाही. खिडकीच्या बाहेरून बांबूची चिक सोडावी. आतील पडद्याचा उपयोग थोडाच, कारण ऊन तोवर काच ओलांडून आलेले असते. चिकेने काचेचे हजार वॅट वाचले, तर बेरीज ३,७०० वॅटवर येते आणि दीड टनाचे यंत्र आरामात पुरते. अर्ध्या टनाची किंमत एकदाच द्यावी लागते, विजेचे देयक मात्र दरमहा येते.

मोठे यंत्र घेतले तर बिघडले कुठे, असे कोणी विचारील. कोकणात याचे उत्तर लवकर मिळते. तेथे उष्णतेबरोबर दमटपणाही काढावयाचा असतो. अतिमोठे यंत्र खोली झटपट थंड करून थांबते आणि ओलावा आतच राहतो. उलट विदर्भाच्या कोरड्या मे महिन्यात, जेथे संगणकांची अडचण नाही अशा वर्गाला साधा वाळ्याचा कूलरही पुरेसा होतो.