पहिलं वाण कुणाला

कोल्हापूर

चि. ऋतुजा,

संक्रांतीला बेंगळुरूच्या घरी सगळी भावंडं जमवणार आहेस. तिळगूळ झाला की प्रत्येकाने घरची एक आठवण सांगायची आणि कुणाचे तरी आभार मानायचे, असं ठरलंय म्हणे. "आत्या, मी काय बोलू?" असं विचारलंस. बेत चांगला आहे. धास्ती एवढीच, की आजीच्या हातची चव आणि गावाकडचे दिवस यांवर सगळे दोन-दोन वाक्यं बोलतील, डोळे पुसतील आणि पानावर बसतील. आभार मानायचे तर कुणी काय केलं ते सांगून मानावेत. नाहीतर ते कुणाच्याही नावावर खपतात.

तू आजीचंच सांग, पण चवीचं नको. गुऱ्हाळाचं सांग. ऐन पौषात आपल्या मळ्यात चुलवाण पेटलेलं असायचं. खाली चिपाडाची आच, वर काहिलीत रस. मळी वर यावी म्हणून त्यात रानभेंडीचं चिकट पाणी घालायचे. गुळव्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटांनी चाचपायचा, गोळी वळली की काहील उतरायची. आजोबा गेल्यावर या सगळ्यावर नजर आजीची. शाहूपुरीचा गूळबाजार शाहू महाराजांनी १८९५ साली वसवला, पण आमच्या लहानपणी तिथे बाईमाणूस क्वचितच दिसायचं. आजी जायची. अडतीची पट्टी आमच्याकडून दोनदा वाचून घ्यायची आणि वजनात तूट दिसली की पुन्हा काटा करायला लावायची.

भोगीची मिसळीची भाजी आणि तीळ लावलेली भाकरी घरात कुणी तोंडात घालायच्या आत गुळव्याला जायची. मग बीडकडून ऊसतोडीला आलेल्यांच्या कोप्यांवर. डबा घेऊन आम्ही पोरं निघालो की मागून हाक यायची, "नाव विचारून दे गं, नुसता ठेवून येऊ नको."

आणि दुसऱ्या दिवशी हीच बाई माजघरात. लाडू तिने वळलेले, सुगड्यांत ऊस, बोरं, हरभरा तिने भरलेला, पण बाहेर हळदीकुंकू चालू झालं की तिने सोप्यात यायचं नाही. हे सांगताना तुझ्या भावंडांना अवघडल्यासारखं होईल. होऊ दे. गोड आठवणींत बसत नाही म्हणून एवढं गाळलंस, तर तिचे आभार अर्धेच राहतील. ज्या संस्थानात महाराजांनी १९१७ साली विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा केला, तिथलंच हे माजघर. पुढे मे २०२२ मध्ये आपल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारने बाकीच्या गावांनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं. पण ठरावाने ताटातलं कुंकू आपोआप पुढे सरकत नाही. ते लेकीसुनांनी सरकवायचं.

म्हणून पहिलं वाण तुझ्या आईला. दादा गेल्यापासून असल्या वेळी वहिनी स्वयंपाकघरात मुद्दाम काम काढून बसतात, हे माझ्या नजरेतून सुटलेलं नाही. "मला कशाला" म्हणतील. वाद घालू नकोस, हाताला धरून बाहेर आण. कुंकू नको म्हणाल्या तर आग्रह नको, गजरा दे. मग दादाच्या आजारपणात रात्रीची औषधं कुणी दिली, घराचे हप्ते कुणी सांभाळले, ते सगळ्यांदेखत सांग. तुला लाज वाटेल, आपल्यात असं तोंडावर बोलायची रीत नाही. तरी बोल.

विनूला २०१९ च्या पुराचं सांगायला लाव. पंचगंगेच्या पाण्यात आपला ऊस कुजला, तेव्हा बियाण्याचा ऊस कुणी बिनहिशेबी दिला, ते त्याला ठाऊक आहे. त्या माणसाला तिथूनच फोन लावा.

तुझ्याकडे भांड्याला येणाऱ्या बाईंना त्या दिवशी सुट्टी दे, पगार आदल्या दिवशीच. त्यांच्या घरीही सणच असतो. कानडी मंडळी तीळ, गूळ, खोबरं, शेंगदाणे नुसते कालवून वाटतात, लाडू वळायचा खटाटोप नाही. शहाणी माणसं.

गूळ कुरियरने धाडलाय. चिक्कीचा गूळ लाल कापडात बांधलाय, तो लाडवांना. साधा आहे तो पोळीला. उलटं करू नकोस, नाहीतर पोळी लाटता लाटता फुटेल आणि लाडू वळणारच नाहीत. काकवीची बाटली उभी ठेव, झाकण जरा ढिलं आहे.

तुझी
आत्या