सुई, जंतू आणि कान

गेल्या महिन्यात एक बाई कॉलेजात जाणाऱ्या मुलाला घेऊन दवाखान्यात आल्या. मुलाच्या मूत्रपिंडाला जंतुसंसर्ग, थंडी वाजून ताप. मी जेंटामायसिनचे इंजेक्शन लिहिणार, तोच बाई म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, ती सुई नको. माझ्या भावाला टीबीच्या सुया दिल्या आणि त्याचे कान गेले. आईच्या मावशीचंही तसंच झालं होतं."

दवाखाना टाकला तेव्हा असे बोलणे मी हसण्यावारी नेले असते. आज नेत नाही. का, ते समजण्यासाठी आधी जंतूच्या पोटात डोकावावे लागेल.

प्रत्येक जंतूत प्रथिने तयार करणारे हजारो सूक्ष्म कारखाने असतात. त्यांना रायबोसोम म्हणतात. नावाला प्रथिनांचा कारखाना, पण तो स्वतः बनलेला असतो मुख्यतः आरएनए या रसायनाचा. वजनाने जवळजवळ दोन तृतीयांश आरएनए, बाकी प्रथिने. आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय जंतूच्या रायबोसोमच्या लहान भागातला आरएनए १५४२ अक्षरांचा धागा आहे. हा धागा लोकरीच्या गुंड्यासारखा कसाही गुंतलेला नसतो. ठरावीक जागी स्वतःशीच जोड्या जुळवून तो नेमका आकार घेतो, आणि काम होते ते त्या आकारामुळे.

या धाग्यावर १४९२ आणि १४९३ क्रमांकाची दोन अक्षरे आहेत. त्यांना पारखी म्हणा. निरोपाप्रमाणे योग्य कच्चा माल आला की ही दोन अक्षरे आतून बाहेर वळतात, जोडी जुळते का ते चाचपतात, मगच माल आत जातो. जेंटामायसिन, अमिकासिन ही औषधे बरोबर तिथेच जाऊन बसतात आणि दोन्ही अक्षरांना बाहेर वळलेलेच ठेवतात. पारखी चुकीच्या मालालाही होकार देऊ लागतो. सदोष प्रथिने साचतात, जंतू मरतो. हे चित्र २००० साली स्पष्ट दिसले. रायबोसोमच्या रचनेवरील कामासाठी २००९ चे रसायनशास्त्राचे नोबेल तिघांना मिळाले. त्यांतले वेंकटरामन रामकृष्णन बडोद्यात शिकलेले.

मग आपले रायबोसोम का बिघडत नाहीत? औषध जिथे बसते तिथे १४०८ व्या जागी जंतूत अ‍ॅडेनिन हे अक्षर असते, आपल्या पेशीत त्या जागी ग्वानिन. एवढ्या फरकाने औषध आपल्याकडे नीट बसत नाही. जंतूही हीच युक्ती उलटवतो. ई. कोलायकडे या आरएनएच्या जनुकाच्या सात प्रती असतात, एक बदलली तरी बाकीच्या सहा जुन्याच राहतात. क्षयाच्या जंतूकडे प्रत एकच. तिथे हेच एक अक्षर बदलले की अमिकासिन निरुपयोगी! क्षयाचे औषध मध्येच सोडू नका म्हणून आम्ही कानीकपाळी ओरडतो ते यासाठीही. अर्धवट उपचारात असे बदललेले जंतू तेवढे तगतात आणि वाढतात.

आता कानाकडे येऊ. आपल्या पेशींत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया असतात. त्यांचे पूर्वज जंतूच, आणि त्यांचे स्वतःचे, जंतूंशी मिळतेजुळते रायबोसोम असतात. काही घराण्यांत मायटोकॉन्ड्रियाच्या १५५५ व्या जागी एक अक्षर बदललेले असते. त्यामुळे धाग्यात एक जादा जोडी जुळते आणि तो आकार आणखीच जंतूसारखा होतो. औषध तिथेही घट्ट बसते. आतल्या कानातल्या ध्वनी टिपणाऱ्या पेशी मरतात आणि पुन्हा येत नाहीत. हे कारण १९९३ साली उमगले. (मोठ्या मात्रेने किंवा मूत्रपिंड अशक्त असताना हे बदल नसलेल्यांचेही कान जाऊ शकतात, म्हणून ही इंजेक्शने मनाने घेऊ नयेत.)

मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतात. मामा, आजीची मावशी, हा मुलगा, सगळी एकच माळ. जनुकाची तपासणी केल्याशिवाय नक्की सांगता येत नाही, पण तापलेल्या मुलाला तेवढे थांबवणार कोण? मी दुसऱ्या गटातले प्रतिजैविक दिले, लघवी कल्चरला पाठवली. चौथ्या दिवशी ताप उतरला.

जाताना बाईंनी विचारले, "याच्या मुलांना पुढे धोका?" याच्या नाही, म्हटले. याच्या बहिणीच्या मुलांना असू शकेल. तिच्या केसपेपरवर आजच लाल शाईने लिहून ठेवा, आणि प्रत्येक डॉक्टरला आधी सांगा.