पंप कुठी पयते?

वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणीत संध्याकाळी काही मुलं माझ्याकडे इंग्रजीला बसतात. ‘रन’ म्हणजे धावणे, हे ती शाळेतूनच पाठ करून येतात. त्यापुढचं मात्र आम्ही एकमेकांना शिकवत आलोय. त्यातल्या या काही गोष्टी.

१. सोप्या शब्दाचा थांग लवकर लागत नाही. ‘फोटोसिंथेसिस’चा अर्थ एका वाक्यात आटोपतो, ‘रन’चा आटोपत नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ची होती. पुढे त्या कोशाचे संपादक पीटर गिलिव्हर ‘रन’ घेऊन सुमारे नऊ महिने बसले आणि एकट्या क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले. हे वाचलं आणि ‘एवढा तीन अक्षरांचा शब्द येत नाही?’ असं पोरांवर डाफरण्याची माझी हौस फिटली.

२. मुलांना अर्थाच्या आधी चित्र दिसतं. ‘द पंप रन्स ऑल नाइट’ असं फळ्यावर लिहिलं, तर मागून आवाज आला, “सर, पंप कुठी पयते?” वर्ग हसला, मीही हसलो. पण प्रश्न चोख होता. रात्रीची लाइन असली की पंप एका जागी बसून चालतो. पळापळ होते ती ओलीत करणाऱ्याची.

३. इंग्रजीत जे धावतं, ते बरेचदा आपल्याकडे चालतं. पंप, एसटी, दुकान, शाळा, सिनेमा. मग मुलांसोबत ‘चालणे’चीच झडती घेतली. नाणं चालतं, डोकं चालतं, उपासाला साबुदाणा चालतो, आणि पाय यातल्या एकालाही नाहीत. साबुदाण्याचं चालणं पोरांना कुणी शिकवलं होतं? आजीच्या तोंडून ऐकलं, झालं. इंग्रजीला आडमुठी म्हणायची माझी जुनी सवय तेव्हापासून जरा नरमली.

४. हाती लागलेला नियम फार मिरवू नये. इंग्रजीत नाक ‘रन’ होतं, आपलं वाहतं. तिकडे कपड्याचा रंग ‘रन’ होतो, इकडे जातो. रस्ताही तिकडे ‘रन’ होतो, आपला हिंगणीहून बोर धरणाकडे जातोच. निवडणुकीत तर इंग्रजीचंच आपसात जमत नाही: अमेरिकेतला उमेदवार ‘रन’ करतो, ब्रिटनमधला ‘स्टँड’. आपलाही उभाच राहतो. पळतो तो निकालानंतर.

५. क्रिकेट जेवढं शिकवतं तेवढंच अडवतं. ‘वुई हॅव रन आउट ऑफ मिल्क’ या वाक्यावर एकीने गंभीरपणे विचारलं, “दुधाले कोनं आउट केलं?” दूध संपलं, एवढंच. ‘रन इनटू’ म्हणजे अवचित गाठ पडणं किंवा आदळणं, ‘रन ओव्हर’ म्हणजे अंगावरून गाडी जाणं. शेपूट बदललं की जनावर बदलतं. याद्या पाठ करून घेऊन पाहिल्या. मुलांच्या लक्षात राहिलं ते दूधच.

६. आपण काय सहज करतो, ते परक्या भाषेशेजारी बसल्यावर दिसतं. दुकान चालतं, पण काका दुकान चालवतात. आपण क्रियापदाचं रूपच बदलतो. इंग्रजीत ‘द शॉप रन्स’ आणि ‘ही रन्स द शॉप’, शब्द तोच. फरक जागेने कळतो. प्रयोजक क्रियापद मी शाळेत घोकलं होतं. त्याचा उपयोग इतक्या वर्षांनी, तोही इंग्रजी शिकवताना व्हावा, याची गंमत वाटते.

७. इंग्रजीची वाट मराठीवरून जाते, हे मला फार उशिरा पटलं. ऑक्टोबर १९३७मध्ये आमच्याच वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि सात वर्षांचं शिक्षण मातृभाषेतून व्हावं, असं तिने म्हटलं. २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं. या दोन गोष्टी भांडखोर शेजाऱ्यांसारख्या आहेत, असं मी बरीच वर्षं समजत होतो. ‘चालणे’ नीट कळलेल्या पोराला ‘रन’ लवकर कळतो, हे पाहिल्यावर तो वाद मी सोडून दिला.

आता कुणी ‘रन’चा अर्थ विचारला, की मी विचारतो, “कोण रन करतंय? पंप, नाक की उमेदवार?” उत्तर आल्यावर मगच अर्थाकडे वळतो. परीक्षेच्या आदल्या दिवशी मात्र बजावतो, “पेपरात ‘धावणे’ लिहा. मार्क त्यालाच आहेत.”