छातीच्या छायाचित्रातील सात टक्के

धुळ्याहून सुरतेकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर कोंडाईबारी घाट उतरून पश्चिमेस आले की नवापूर तालुक्यातील विसरवाडी लागते. नंदुरबारकडे जाणारा रस्ता येथूनच फुटतो. आजूबाजूच्या पाड्यांवरील माणसे या गावी दोन कारणांसाठी हमखास येतात, बाजारासाठी आणि दुखण्यासाठी. दुखण्यांतही दोन प्रकार वारंवार दिसतात. घाटात वाहन उलटून मोडलेले हाडपाय हा एक, आणि ऊसतोडीसाठी गुजरातेत जाऊन आलेल्या माणसाचा महिनोन्‌महिने न थांबणारा खोकला हा दुसरा. दोहोंतही डॉक्टर प्रथम एकच गोष्ट सांगतात, ‘फोटो काढून आणा.’

हा ‘फोटो’ म्हणजे क्ष-किरण छायाचित्र. जर्मनीतील वुर्झबर्ग येथे ८ नोव्हेंबर १८९५ रोजी राँटगेन यांना या किरणांचा शोध लागला आणि १९०१ साली पदार्थविज्ञानाचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांनाच मिळाले. हा इतिहास शाळेच्या पुस्तकांत असतो. परंतु त्या छायाचित्रामागे जो हिशेब आहे, तो सहसा कोणी सांगत नाही. प्रस्तुत लेखक कलाशाखेचा पदवीधर आहे. तरीही गुणाकार-भागाकारापलीकडे फारसे काही न लागणारा हा हिशेब रुग्ण कल्याण समितीवरील सदस्यांस, शिक्षकांस व पंचायतीच्या कारभाऱ्यांस ठाऊक असणे इष्ट आहे, असे त्यास वाटते. यंत्र, खोली आणि माणूस यांबाबतचे निर्णय पुष्कळदा याच मंडळींपुढे येतात.

क्ष-किरण शरीरातून जाताना त्यांचा काही भाग वाटेत अडतो. किती अडतो, हे मोजण्याची सोपी पट्टी म्हणजे ‘अर्धजाडी’, म्हणजे ज्या जाडीतून निम्मे किरण पार होतात ती जाडी. साठ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या किरणांसाठी पाण्याची अर्धजाडी सुमारे ३.४ सेंटीमीटर आहे आणि आपले मांस या बाबतीत पाण्यासारखेच वागते. ३.४ सेंटीमीटर मांसातून निम्मे किरण पार होतात, ६.८ मधून चतुर्थांश, १०.२ मधून अष्टमांश. घट्ट हाडाची अर्धजाडी अवघी १.१५ सेंटीमीटर आहे. हवेने भरलेले फुप्फुस मात्र पाण्याच्या साधारण चतुर्थांश घनतेचे असल्याने त्याची अर्धजाडी १३ सेंटीमीटरच्या घरात जाते.

आता एक छाती घेऊ. ८ सेंटीमीटर मांस आणि १२ सेंटीमीटर फुप्फुस, एकूण २०. मांसातून शंभरांपैकी सुमारे १९ किरण निघतील आणि फुप्फुस त्यांतील निम्म्यांहून थोडे अधिक सोडील. म्हणजे शंभरांतील दहा किरण पलीकडे पोचतील. त्याच फुप्फुसात क्षयाने दोन सेंटीमीटरचा भाग घट्ट झाला, तर तेवढ्या जागी फुप्फुसाऐवजी मांसासारखा पदार्थ आला असे समजावे. त्या रेषेत निरोगी फुप्फुसातून जेथे १०० किरण पोचले असते, तेथे ७४ पोचतील. हा फरक नवख्यालाही दिसेल. परंतु डाग अर्ध्याच सेंटीमीटरचा असला, तर १०० च्या जागी ९३ पोचतात. आजाराच्या आरंभीची ओळख पुष्कळदा या सात टक्क्यांत दडलेली असते.

या सात टक्क्यांचे मोल किती, हे देशाच्या आकड्यांवरून कळते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात आढळलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के रुग्ण, छातीचे क्ष-किरण चित्र काढले नसते, तर निसटले असते. केवळ लक्षणे विचारून ते सापडले नसते.

मग सात टक्के दिसावेत यासाठी काय लागते? येथे एक गमतीची अडचण आहे. क्ष-किरण सलग धारेसारखे नसून सुट्या कणांच्या रूपाने येतात. त्या कणांना फोटॉन म्हणतात. पावसाच्या पहिल्या सरीत अंगणात दोन सारखी पातेली ठेवली, तर एकात नऊ थेंब पडतील, दुसऱ्यात तेरा. पातेल्यांत फरक नाही, थेंबच थोडे आहेत. सर लांबली की दोन्ही पातेली जवळजवळ सारखी भरतात. फोटॉनांचेही तसेच आहे. चित्राच्या एका ठिपक्यात सरासरी १०० फोटॉन पडत असतील, तर ती संख्या निव्वळ योगायोगाने दहांनी इकडेतिकडे होते, कारण १०० चे वर्गमूळ १०. म्हणजे दहा टक्क्यांचा गोंधळ. त्यात सात टक्क्यांचा डाग हरवून जाणार. तेथेच १०,००० फोटॉन पडले, तर हेलकावा १०० चा, म्हणजे एकच टक्का, आणि डाग स्पष्ट उठतो. कमी किरणांत काढलेले चित्र रोग्याचे हित करते असे वरवर वाटते. वस्तुतः ते रोग लपविते.

जुन्या फिल्मवर कमी किरण पडले की चित्र फिके उठे आणि तंत्रज्ञ लगेच ओळखी. आजच्या संगणकीय यंत्रात तसे होत नाही. यंत्र फिके चित्र आपोआप उजळून दाखविते, फक्त त्यात बारीक दाणे दिसतात. उलटपक्षी, गरजेपेक्षा अधिक किरण वापरले तरी चित्र उत्तमच दिसते, म्हणून कोणी तक्रार करीत नाही आणि मात्रा हळूहळू चढत जाते. यासाठी अशा यंत्रांवर प्रत्येक चित्रासोबत किरणमात्रेचा एक निर्देशांक उमटतो. तो पाहण्याची सवय कर्मचाऱ्यांस लागणे महत्त्वाचे आहे.

किलोव्होल्टचा प्रश्न वेगळा आहे. यंत्रावरचा आकडा किरणांची कमाल ऊर्जा दाखवितो. सरासरी ऊर्जा साधारणतः त्याच्या निम्म्याच्या आसपास असते. ऊर्जा कमी असता किरण मुख्यतः अणूंकडून पूर्णपणे गिळले जातात. याला प्रकाशविद्युत परिणाम म्हणतात. हे गिळणे अणुक्रमांकाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ऑक्सिजनचा अणुक्रमांक ८, हाडातील कॅल्शियमचा २०, म्हणजे अडीच पट. अडीचाचा घन साडेपंधराहून थोडा अधिक. म्हणूनच तीस किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टला हाडाची अर्धजाडी केवळ २.७ मिलिमीटर आहे आणि मांसाची मात्र १८.५ मिलिमीटर. हाताचे मोडलेले हाड पाहण्यास असे मृदू किरण चांगले. छातीतून मात्र ते बाहेरच पडणार नाहीत, त्वचेत जिरून जातील आणि रोग्यास निष्कारण भार होतील. अगदी मृदू किरण आधीच गाळून टाकण्यासाठी नळीसमोर सुमारे २.५ मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमइतकी गाळणी ठेवलेली असते.

ऊर्जा वाढली की दुसरा प्रकार पुढे येतो. किरण इलेक्ट्रॉनावर आदळतो, थोडी ऊर्जा देतो आणि वाट बदलून भलतीकडे निघतो. आर्थर कॉम्प्टन यांनी १९२३ मध्ये याचा उलगडा केला. हे विखुरलेले किरण चित्रावर धुके आणतात आणि खोलीतील इतर माणसांपर्यंतही पोचतात. रोग्यावर पडणाऱ्या किरणांपैकी ढोबळमानाने सहस्रांश भाग एक मीटर अंतरावर विखरून येतो. दोन मीटरवर त्याचा चतुर्थांश, तीन मीटरवर नवमांश. अंतराचा हा वर्गनियम फुकट मिळणारे संरक्षण आहे. शिशाचा ०.२५ मिलिमीटरचा अंगरखा साठ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या किरणांतील चतुर्थांश तरी आत येऊ देतो. तेवढेच संरक्षण दोन पावले मागे सरून मिळते.

काही वर्षांपूर्वी कार्यालयीन दौऱ्यात एका ठिकाणी, त्याचे नाव देण्याचे प्रयोजन नाही, क्ष-किरण खोलीचे दार सताड उघडे दिसले. आत पंखा बंद होता, उकाडा होता, हे कारण. दारासमोरच बाकावर रांगेने माणसे बसली होती. एका खोकणाऱ्या वृद्धाचे चित्र काढले, ते नीट आले नाही म्हणून पुन्हा काढले. चौकशीत कळले की वीज मंद होती. यंत्र जुने होते. २३० व्होल्टऐवजी २०० व्होल्ट मिळाले, तर अशा यंत्रात नळीचा दाबही त्याच प्रमाणात घटतो, आणि किरणांचे उत्पादन दाबाच्या वर्गाप्रमाणे बदलते. ०.८७ चा वर्ग ०.७६, म्हणजे चतुर्थांश उत्पादन गेले. राहिलेले किरणही मृदू, म्हणून छाती भेदण्यास आणखी असमर्थ. त्या वृद्धाने दोनदा किरण घेतले. दोष तंत्रज्ञाचा नव्हता. दाब स्थिर ठेवणाऱ्या उपकरणाची मागणी कोणत्या तरी टेबलावर पडून होती.

या किरणांचे भय किती बाळगावे, याबाबत दोन्ही टोके आढळतात. निसर्गातूनच प्रत्येक माणसास वर्षाला जागतिक सरासरीने २.४ मिलिसीव्हर्ट प्रारण मिळते. छातीचे एक चित्र सुमारे ०.०२ मिलिसीव्हर्टचे, म्हणजे तीन दिवसांच्या नैसर्गिक प्रारणाएवढे. एवढ्यासाठी क्षयाचे निदान टाळणे शहाणपणाचे नव्हे. छातीच्या सीटी स्कॅनची मात्रा मात्र सातएक मिलिसीव्हर्ट, म्हणजे अशा साडेतीनशे चित्रांइतकी असते. तेथे डॉक्टरांस ‘हे आवश्यक आहे का?’ असे विचारण्यास संकोच नको. नोव्हेंबर १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाने कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० आणि सर्वसाधारण जनतेसाठी १ मिलिसीव्हर्ट ही मर्यादा ठेवली आहे. रोग्यास उपचारासाठी दिलेली मात्रा या मर्यादांत धरली जात नाही. बाकावर बसलेली माणसे मात्र जनतेत मोडतात.

यंत्र चालविणाऱ्याच्या छातीवर लहानसा बिल्ला असतो. त्यातील चकत्या प्रारण साठवून ठेवतात आणि ठरावीक काळाने प्रयोगशाळेत तापविल्यावर तेवढ्या प्रमाणात प्रकाश देतात. त्यावरून हिशेब लागतो. बिल्ला खुंटीवर टांगलेला आणि माणूस यंत्रापाशी, असे असेल तर अहवाल नेहमी निर्दोष येईल.

आणखी एक गोष्ट विसरवाडीच्या परिसरात विशेष महत्त्वाची आहे. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यात सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे आणि नवापूर तालुक्यात घरची भाषा पुष्कळांची मावची आहे. क्ष-किरण खोलीबाहेर ‘गरोदर असल्यास आधी सांगावे’ असा फलक मराठीत असतो. पाड्यावरून आलेली, कडेवर मूल असलेली, अक्षरओळख नसलेली स्त्री तो वाचणार नाही, आणि पुरुष तंत्रज्ञास आपण होऊन काही सांगणारही नाही. तिला सोबत घेऊन येणाऱ्या आशा कार्यकर्तीने हा प्रश्न दारात, मावचीत, एका वाक्यात विचारावा. त्याच वेळी कडेवरचे मूलही दुसऱ्या कोणाकडे देऊन दोन पावले मागे, भिंतीआड, उभे करावे.